माका म्हणजे माकड

आपा परबांच्या घरात 'माका', म्हणजे 'मला', म्हणायचं असलं की माणसं 'माकड' म्हणत. पाहुण्यांसमोरसुद्धा. आपांची बायको शांताकाकी पदर खोचून बाहेर यायच्या आणि मला अगदी सरळ चेहऱ्याने सांगायच्या, "मास्तरनी, जरा हांगा बस गो, माकड बाजारात जावचां आसा." नवीन माणूस चरकायचा. मी त्यांची शेजारीण, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नसे. शिवाय हे माकड त्या घरात शिरलं ते माझ्याच हाताने.

पेडण्याहून धारगळच्या बाजूला जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. मोपाला विमानतळ व्हायच्या आधीची ही गोष्ट. आपा मुळगावच्या खाणीवर टिपर चालवायचे. खनिजाच्या लाल धुळीने त्यांच्या सदऱ्याची कॉलर कायमची विटकरी झालेली असे. पण गावात त्यांना कुणी ड्रायव्हर म्हणून ओळखत नसे. रवळनाथाच्या जत्रेला देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या थोरल्या घराचा, आणि तो आपांकडे होता. एकाने गावाचं सगळं मागणं मोठ्याने देवाला सांगायचं आणि प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार भरायचा, असं ते गाऱ्हाणं. आपांचा आवाज असा की देवळाबाहेर चप्पल काढणारा माणूससुद्धा तिथूनच "व्हय म्हाराजा" म्हणायचा.

हळू बोलणं या माणसाला माहीतच नव्हतं. बसच्या कंडक्टरशी, दुकानदाराशी, कुंपणावरून माझ्याशी, सगळ्यांशी एकाच पट्टीत. "आपा, मी बहिरी नाही हो," असं मी वैतागून म्हणायची. ते म्हणायचे, "सवय राखूक होई मास्तरनी. देवाकडे हळू बोललां तर तो आळशी जाता."

गाऱ्हाण्याचे त्यांचे दोन नियम होते आणि ते कुणाच्या बापासाठी मोडत नसत. पहिला, गाऱ्हाण्याची तालीम करायची नाही. एकदा तोंडातून गेलं की ते देवाच्या कानात गेलं, मग "थांब रे, ही नुसती प्रॅक्टिस होती" असं त्याला कसं सांगणार? दुसरा, स्वतःसाठी मागायचं नाही. त्यांचा मुलगा आगबोटीवर कामाला. एका वर्षी पंधरवडा त्याचा फोन नव्हता. काकींचा जीव टांगणीला लागलेला. जत्रेला जाताना त्या म्हणाल्या, पोराचं नाव घ्या. आपा देवासमोर उभे राहिले आणि आगबोटीवर असलेल्या गावच्या सगळ्या पोरांसाठी मागून मोकळे झाले. नाव घेतलं नाही ते नाहीच. घरी काकी धुमसत होत्या. आपा म्हणाले, "वाडपी आसा मिया. वाडप्यान आपलां पान आदी वाडूचां नसता गे."

मग त्यांच्या पायातून चप्पल निसटायला लागली.

सुरुवातीला आम्ही हसलो. आपा चालताहेत आणि एक चप्पल मागे राहिली आहे, त्यांना पत्ता नाही. मग हातातून पेला सुटायला लागला. पणजीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की स्नायू एकेक करून बंद होत जातील, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. यातलं कुठलं जास्त वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आवाज आधी घोगरा झाला, मग ओला, मग शब्द एकमेकांना चिकटायला लागले. त्या वर्षीच्या जत्रेत आपांची ओळ कुणाला नीट कळत नव्हती, म्हणून लोकांनी "व्हय म्हाराजा" दुप्पट मोठ्याने म्हटलं. देवळातून परत येताना आपा रडले. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

आवाज पार गेल्यावर काकींना हाक कशी मारायची, हा प्रश्न आला. उजवा कोपर थोडा हलत होता. काकींनी डोकं चालवून पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीला असतो तसला रबरी भोंगा आणला आणि आपांच्या कोपराखाली बांधला. झालं! आपांना कूस बदलून हवी असली की भोंगा वाजायचा, आणि वाड्यावरच्या बायका पाव घ्यायला पिशव्या घेऊन बाहेर यायच्या. भर दुपारी, उन्हात. "खंय गेलो पोदेर?" म्हणून इकडेतिकडे बघायच्या. एक-दोनदा फसल्यावर त्या सावध झाल्या, आणि मग खरा पोदेर येऊन भोंगा वाजवून कंटाळून निघून जायला लागला. आपांचे डोळे त्या दिवसांत फार मिश्किल दिसायचे. कधीकधी काही नको असतानाही ते भोंगा वाजवत, असा माझा संशय आहे.

पण भोंग्याला एकच शब्द येतो. मी पेडण्याच्या शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. मला वाटायला लागलं की जगात कुणीतरी यावर काही शोधलंच असेल. शोधलं होतंच. मुंबईच्या एका संस्थेने लॅपटॉपवर चालणारी एक सोय पाठवली. पडद्यावर अक्षरांच्या रांगा. एक पिवळी पट्टी वरून खाली एकेका रांगेवर सरकत जाते. हव्या त्या रांगेवर आली की खूण करायची, मग पट्टी त्या रांगेतल्या एकेका अक्षरावरून जाते, पुन्हा खूण करायची. एक अक्षर मिळालं. थोडी अक्षरं जमली की कॉम्प्युटर पूर्ण शब्द सुचवतो आणि वाक्य झालं की मोठ्याने वाचून दाखवतो. खूण करायला आधी बोटाखाली बटण होतं. बोट गेलं तेव्हा चष्म्याच्या काडीला एक बारीक यंत्र बसवलं. गाल किंचित उचलला की त्याला कळायचं. आपांच्या सगळ्या देहात आता तो डावा गाल तेवढा त्यांचं ऐकत होता.

मी बाराखडीच्या शिस्तीने अक्षरं लावली होती, अनुस्वार सगळ्यात शेवटी. दोन दिवसांत तक्रार आली. आमची बोली म्हणजे केलां, गेलां, खाल्लां. दर शब्दाला पट्टी तळापर्यंत यायची वाट बघावी लागे. पडद्यावर उमटलं, 'अनुस्वार वर हाड. तू खंयच्या गावची?' मी निमूटपणे अनुस्वार पहिल्या रांगेत आणला.

पण त्याआधीची गंमत राहिली. आपांनी लिहिलेलं अगदी पहिलं वाक्य. काकी, मी आणि आपांचा चुलतभाऊ दाजी, तिघं श्वास रोखून बघत होतो. म झाला, काना झाला, क झाला. इतक्यात कॉम्प्युटरने आगाऊपणे 'माकड' सुचवलं, त्याच क्षणी आपांचं बोट उडालं आणि शब्द बसला. पुढचं त्यांनी नेटाने पूर्ण केलं. मग त्या यंत्रातून एका सुशिक्षित बाईचा आवाज आला, "माकड तान लागली."

काकी पाणी आणायला पळाल्या आणि चुलीपाशी बसून हसत-रडत राहिल्या. पाणी शेवटी मीच पाजलं. मी म्हटलं, ही चूक मी दुरुस्त करते, 'माका' शब्द त्यात घालते. आपांनी लिहिलं, 'नाका. माकडाक एक टिचकी कमी पडता.' एक टिचकी वाचते म्हणून या माणसाने स्वतःला माकड करून घेतलं. तेव्हापासून "माकड झोप येता", "माकड भायर व्हर" असं सुरू झालं आणि काकींच्या तोंडीही तेच बसलं.

जत्रा जवळ यायला लागली तसं घरातलं हसणं आटत गेलं.

आपांनी लिहिलं की गाऱ्हाणं मीच घालणार. गावात कुजबुज सुरू झाली. आपांच्या मागे मान दाजीकडे जाणार होता. दाजी स्वभावाने वाईट नाही, पण ताठ. तो सरळ घरी येऊन म्हणाला, "आपा, यंत्रान गाऱ्हाणां घालूचां? आनी तां पण बायलेच्या आवाजान?" मराठी वाचणारा आवाज आमच्याकडे तो एकच होता, बाईचा. मी आधीच तापट. मी म्हटलं, "देवाला बाईचा आवाज ऐकून काय ताप भरणार आहे?" दाजी माझ्याकडे बघेना. तो आपांच्या उत्तराची वाट बघत उभा राहिला. पिवळी पट्टी फिरत राहिली. बऱ्याच वेळाने आवाज आला, "आवाज बायलेचो. दम माजो."

मग देवालाच विचारायचं ठरलं. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दाजीनेच प्रश्न घातला. पाकळ्या हलेनात. गाभाऱ्यात माणसं घामाने निथळत होती, बाहेर काकी खांबाला धरून उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, देवाला प्रश्नच पटला नसेल. तेवढ्यात उजवीकडची एक पाकळी सुटली.

मी धावत येऊन आपांना सांगितलं. मला वाटलं त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी सावकाश लिहिलं, 'देवाकय बोलूक येना. उजवी व्हय, डावी नाय. माज्यासारकोच तो.'

खरी कुस्ती मात्र देवळात नव्हती, ती त्या दोघा नवरा-बायकोत चालली होती. श्वास कमी पडायला लागला होता. डॉक्टरांनी विचारून ठेवलं होतं, वेळ येईल तेव्हा गळ्याला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावायचं का? लावलं तर आणखी काही वर्षं जगू शकतील. रोग्याने स्वतः सांगायला हवं. काकींनी ते आपांना इतक्या वेळा विचारलं की आपा डोळे मिटून घ्यायला लागले. शेवटी उत्तर आलं, 'जत्रा जावं दी.'

काकींची अवस्था मला बघवत नव्हती. आपांना कूस देणं, घशात साचलेलं काढणं, पुन्हा कूस देणं. दिवसा त्या उभ्याउभ्या डुलक्या घ्यायच्या. एकदा हातात पळी तशीच आणि आमटी उतू चाललेली, मी जाऊन गॅस बंद केला तेव्हा त्या दचकल्या. म्हणाल्या, "माकड झोप नाय मास्तरनी. पण झोप घेवन मिया करतलंय काय? ते जगले म्हंजे जालां. गाऱ्हाण्यात तेनी एकदा, फकत एकदा आपल्याखातीर मागूक होयां. लोकां हासले तर हासूं दी. देवाच्या म्होऱ्यात एकदा माकड येऊं दी." त्यांनी आपांनाही हेच सांगितलं होतं. आपांनी व्हयही म्हटलं नव्हतं आणि नायही.

म्हणजे ती बाई त्या गाऱ्हाण्यात एका शब्दाची वाट बघत होती. तो आला तर नवरा जगायला तयार आहे.

गाऱ्हाण्याच्या ओळी तयार होत होत्या, पण गाल मरत चालला होता. आधी पट्टी पहिल्या फेरीत पकडणारे आपा आता तिसऱ्या-चौथ्या फेरीला पकडायचे. चुकीचं अक्षर बसलं की खोडायला पुन्हा तेवढीच मेहनत. मी पट्टीचा वेग कमी केला, मग आणखी कमी. जत्रेपर्यंत गाल टिकेल की नाही, याची मला इतकी धास्ती की शाळेत शिकवताना माझा स्वतःचा गाल उडायचा. आणि आपांनी पडदा कुणाला बघू दिला नाही. मी म्हटलं, एकदा ऐकून तरी बघू या, कॉम्प्युटर काय वाचेल त्याचा नेम नाही. उत्तर ठरलेलं, 'तालीम नाय.' मी चिडून म्हटलं, "मग देवळात फजिती झाली तर माझ्याकडे बघू नका!" आपांनी दोन्ही डोळे मिचकावले.

आणखी एक अट त्यांनी घातली. यंत्राने सगळं एका दमात वाचायचं नाही. एक ओळ झाली की थांबायचं. लोकांचा होकार ऐकल्यावर पुढच्या ओळीची खूण ते स्वतः करणार.

जत्रेच्या दुपारी दाजीने आणि मी व्हॅनमधून आपांना देवळात आणलं. चाकाच्या खुर्चीला लॅपटॉप बांधलेला, तो देवळाच्या कर्ण्याला जोडलेला, चष्म्याला ते बारीक यंत्र. मंडप गच्च भरला होता. ढोल थांबले. काकी माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

गाल हलला. तो सुशिक्षित बाईचा आवाज कर्ण्यातून आला, "बा देवा रवळनाथा, तुजीं लेकरां तुज्या पायांकडे उबीं आसत."

लोक नुसते कर्ण्याकडे बघत राहिले. मग दाजीने मान वर केली आणि एकट्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि पाठोपाठ सगळा मंडप, "व्हय म्हाराजा!"

भात झालं, गोरंढोरं झाली. खाणीवरचा, हायवेवरचा, आगबोटीवरचा सुखाने घरी येऊ दे, हे झालं. प्रत्येक ओळीनंतर गालाला जास्त वेळ लागत होता. मग आवाज आला, "कोणाचां चुकलां माकड आसात, तर पदरात घे."

पोरं फिसकन हसली. काकींनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. "मागलानी! आयकलस? माकड म्हटलानी!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढचं बोलवेना. पण बोलले. "काकी, ते चुकलां-माकलां आहे. कॉम्प्युटरने घोळ घातला." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मनगट सैल सोडलं. लोकांनी तोपर्यंत व्हय म्हाराजा म्हणून टाकलं होतं.

आणि पुढची ओळ येईना. आपांचा चेहरा घामाने भिजला होता, काकी पुढे होऊन पुसायच्या आणि मागे यायच्या. गाल नुसता थरथरत होता. पुढची ओळ शेवटची आहे, हे पडद्यावर मला दिसत होतं. एक कळ मी दाबली असती तर झालं असतं. माझा हात पुढे गेलाही. दाजीने तो अडवला. "हात लावू नको. तेचां तेका करूं दी." मंडपात एवढी माणसं, पण एक मूल खोकलं तेवढंच. देवासमोरचा धूर वर जात होता. दाजी डोळे मिटून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

गाल उचलला गेला.

"आनी जी कोण आपली झोप मोडून दुसऱ्याक राकता, तिका आता झोप दी."

मंडप एका सुरात गरजला, "व्हय म्हाराजा!"

लोकांना ती आयांसाठीची ओळ वाटली, आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सगळ्यांसाठी. चांगली ओळ आहे म्हणून माना हलल्या. स्वतःसाठी मागायचं नाही हा नियम आपांनी मोडला नव्हता आणि डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं होतं. काकींचं तोंड मिटलेलंच राहिलं. मंडपात ज्याने व्हय म्हटलं नाही असं एकच माणूस होतं आणि ते माझ्या शेजारी उभं होतं.

पावसाआधी आपा गेले, श्वासाचं यंत्र न लावता. ते दिवस मला आठवायचे नाहीत. आपा म्हटलं की मला त्या जत्रेच्या दिवशीची देवळामागची व्हॅन दिसते. गर्दी प्रसादाच्या रांगेला गेली होती. दाजी मागचं दार उघडत होता. काकी खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे कोरडे, आवाज चढलेला. "सगळ्यांनी म्हटलां. मिया म्हणूक नाय. माजो व्हय तेतूर धरू नकात, सांगून ठेवतंय."

आपा त्यांच्याकडे बघत राहिले. मग नजर पडद्याकडे गेली. पट्टी खाली सरकली, वर आली, पुन्हा खाली सरकली. गाल आता हलतो की मलाच तसं वाटतं, ते कळत नव्हतं. म आला. काना आला. किती वेळाने तरी क आला, आणि पट्टी वर सुचवलेल्या शब्दावर जाऊन थांबली.

"माकड," तो आवाज म्हणाला.

काकी पटकन वाकल्या. "माकड काय? काय जाय तुमका? सांगात!"

पट्टी फिरत राहिली. एक फेरी, आणखी एक. आपांचे डोळे काकींवर होते. गाल दमून थिजला होता, त्यातून पुढचा शब्द काही आला नाही. दाजी दाराला धरून खाली बघत होता. मला ओरडावंसं वाटत होतं, त्या पट्टीला, त्या गालाला, देवाला.

काकी सरळ उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला. आणि आपा पूर्वी बोलायचे त्या चढ्या आवाजात, रांगेतली माणसं मागे वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"